साहेब काय म्हणतायत?

"शिक्षक आहात का?" मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी मान हलवली. नाही.

"मग कीर्तनकार? की मार्केट यार्डात लिलाव पुकारता?"

ह्यांनी पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. घशातली गाठ काढून दोनच दिवस झाले होते, त्यामुळे उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"कराडला चष्म्याचं दुकान आहे आमचं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "चष्म्याच्या दुकानात एवढं ओरडण्यासारखं काय असतं हो?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. मग डॉक्टरांनी गंभीर होऊन बजावलं, तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल. परत येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात तीन आठवड्यांचा हिशोब करत होते. इतकी शांतता आमच्या लग्नानंतर कधी पडली नव्हती.

माझे यजमान मधुकर विभूते म्हणजे कामाला पक्का माणूस. ह्यांच्या हातून चुकीचा नंबर गेलाय असं कधी झालं नाही. पण जिभेचं म्हणाल तर विचारू नका. कोणी म्हणालं, "काचा जरा जाड वाटतायत," की हे म्हणायचे, "मग डोळे बदलून आणा." कॉलेजातले एक प्राध्यापक नंबर काढायला बसले होते. ही काच बरी की ती, हे त्यांना सांगता येईना. हे ओरडले, "एवढंही ठरवता येत नाही, मग पेपर कसे तपासता?" प्राध्यापक उठून गेले. मी दुकानाच्या पायरीपर्यंत त्यांच्या मागे धावले. "तसे नाहीत हो ते मनानं." मनानं कसे आहेत, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण असं म्हणायची पद्धत असते. हे बोलायचे आणि मी सारवासारव करायची, अशी आमच्या दुकानाची वाटणी होती.

त्याच आठवड्यात वैजयंती डुबल दुकानात आली. आली म्हणजे पायरीवर उभी राहिली. तिशी-पस्तिशीची बाई, आणि तिनं मनगटाला घट्ट धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी.

"आत आलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"दुकान आहे, या की."

"तसं नाही वहिनी. आधी सांगितलेलं बरं. ही रेवा. स्वमग्न आहे. बोलत नाही, कधीकधी ओरडते. तुमच्याकडे सगळ्या काचा, म्हणून विचारते."

मी "या" म्हणेपर्यंत रेवा आत आली होती आणि मोकळ्या हातानं तिनं फ्रेमांचा उभा स्टँड फिरवायला घेतला होता. पहिल्या फेरीला स्टँड नुसता करकरला. दुसऱ्या फेरीला चार फ्रेमा उडाल्या. एक थेट ह्यांच्या चहात.

हे उठले. चेहरा लालबुंद. एक बोट मुलीकडे केलं, मग तेच दाराकडे केलं, आणि शेवटी दोन्ही हात असे झटकले की त्याचा अर्थ समोरच्या पानवाल्यालाही कळला असता.

वैजयंती घाबरली. "साहेब काय म्हणतायत?"

आता इतकी वर्षं हे आधी बोलायचे आणि मी मागून धावायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच माझी पाळी आधी आली. मी म्हणाले, "म्हणतायत, फिरवू दे तिला. घाई नाही. सावकाश होऊ द्या."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी चहातली फ्रेम काढून पुसायला घेतली.

वैजयंती खुर्चीत बसली आणि सांगत सुटली. शाळेतल्या बाईंना संशय आला होता की मुलीला नीट दिसत नाही. फळ्याकडे बघतच नाही, घास नाकाला लावून खाते. ह्या वर्षी शाळेनं सांगितलं होतं, लक्ष द्यायला लागली तर ठेवू, नाहीतर घरीच बरी. म्हणून ही बाई चष्मेवाले शोधत फिरत होती. पुण्यात एका चकचकीत दुकानात गेली, तिथे एकावर एक मोफत होतं आणि सारख्या गणवेशातली पोरं होती. त्यांनी रेवाला अक्षरं वाचायला सांगितली. ती बोलत नाही म्हटल्यावर म्हणाले, मॅडम, कॉम्प्युटरमध्ये तसा ऑप्शन नाही. साताऱ्यात दोघांनी तिला दोन बाजूंनी धरलं, तेव्हापासून ती पांढरा कोट दिसला की किंचाळते. आणि इथे आमच्याच पेठेतल्या एकानं विचारलं होतं, "हिला काय वाचायचंय? चष्म्यापायी कशाला खर्चात पडताय?"

ती बोलत असताना रेवा आत गेली. आत म्हणजे आमची नंबर काढायची अंधारी खोली. बाहेर हॉर्न, ट्रक, पानवाल्याचा रेडिओ. आत काही नाही. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. हे मागोमाग गेले, तिला बाहेर काढायलाच गेले असणार. मी दारातून बघत होते. खुर्चीत बस, असं सांगता येईना. हात धरून उठवायला गेले तशी ती ओरडली, म्हणून हात मागे घेतला. मग हे स्वतःच स्टुलावर बसले आणि चिडून नंबर काढायच्या बॅटरीचं बटण उघडझाप करत राहिले. डोळ्यात उजेडाची बारीक पट्टी टाकून, माणसाला काहीही न विचारता नंबर काढता येतो, त्याची ती बॅटरी.

उजेडाची पट्टी भिंतीवर पडली. रेवानं मान वळवली. ह्यांनी पट्टी लांबच्या भिंतीवर नेली, तर तिचं लक्ष गेलं नाही. जवळ आणली, तशी ती पुन्हा बघायला लागली. ह्यांनी पुन्हा लांब नेली. पुन्हा जवळ.

मग ह्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. राग आणि कुतूहल ह्यांच्या अंगात एका वेळी मावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. हे स्टुलावरून उतरून जमिनीवर बसले. रेवानं काच हातात घेऊन चाटली, तर हे दुसरी काच घेऊन बसले. ती उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली, तर हे तिच्या फेऱ्या संपायची वाट बघत बसले. बाहेर गिऱ्हाइकं येऊन गेली. मी सगळ्यांना सांगितलं, साहेब आत आहेत. दिवेलागणीला हे बाहेर आले आणि मला बोटांनी नंबर दाखवला. मी दोनदा विचारून घेतला. हाताच्या अंतरापलीकडचं सगळं जग त्या मुलीला धुरकट होतं आणि शाळा म्हणत होती, लक्ष देत नाही.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून तपासलं, तेव्हाही नंबर जवळपास तोच निघाला.

चष्मा तयार झाल्यावर तिनं तो फेकला. दुसऱ्या दिवशीही फेकला. ह्यांनी कानामागच्या काड्या काढून मऊ पट्टा लावला, नाकावरचं गार वाटणारं प्लास्टिक बदललं, परत बदललं. एके दिवशी तिनं चष्मा घातला आणि काढला नाही. आईकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडेही नाही. वर पंख्याकडे बघितलं आणि खदखदून हसली. आम्हीही वर बघितलं. पंख्यावर केवढी जळमटं होती! मी त्याच संध्याकाळी पंखा पुसून घेतला.

वैजयंतीनं अशा मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "कराडचे विभूते चष्मेवाले घाई करत नाहीत. रेवाला चष्मा मिळाला." इतकंच. पण निरोप साताऱ्याला पोचेपर्यंत हे 'डॉक्टर विभूते' झाले होते. कोल्हापुरात 'मौन-उपचार पद्धतीचे जनक' झाले. पुण्याहून तोच निरोप फिरून माझ्या नणंदेला आला, त्यात हे काही वर्षं हिमालयात होते आणि मुलांच्या मनाशी शब्दांवाचून बोलत होते. नणंदेनं मला फोन करून विचारलं, "अगं, दादा हिमालयात कधी गेला?"

लोक यायला लागले. एक मुलगा तपासणीची फ्रेम घालायचा, पण समोरच्या सगळ्यांनी घातली तरच. म्हणून मी, त्याचे वडील आणि वाट बघत बसलेल्या एक आजी, सगळे रिकाम्या फ्रेमा घालून फोटोला बसल्यासारखे बसून राहिलो. आणि एक गंमत बघा. ह्यांचा आवाज गेला होता, कान नव्हे. पण माणूस बोलत नाही म्हटलं की लोक त्याच्याशी ओरडून बोलतात. "साहेब! नमस्कार! आम्ही वाळव्याहून आलोय!" ह्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगायची.

मी सांभाळून घ्यायची. एकानं विचारलं, अजून किती वेळ लागेल? ह्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरून दाखवला. "म्हणतायत, कामात जीव ओतावा लागतो." एक बाई मोबाईलवर चित्रण करायला लागली तसे हे पाठ फिरवून आत गेले. "प्रसिद्धी आवडत नाही त्यांना." लोकांचे डोळे भरून यायचे. मला खोटं बोलायचा इतका सराव झाला की ह्यांचा हात उठायच्या आधीच माझं वाक्य तयार असायचं.

तेवढ्यात प्रतापराव थोरवडे आले. गावातल्या 'सेवांकुर क्लब'चे अध्यक्ष. क्लबचा वार्षिक पुरस्कार दोन दिवसांवर आला होता. हार ठरला होता, हॉल ठरला होता, फक्त माणूस मिळत नव्हता. दरवर्षी ज्यांना द्यायचे त्या गुरुजींच्या घरी नेमकं लग्न निघालं होतं.

"ह्या वर्षी विषय घेतलाय 'संयम'," थोरवडे म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही."

ह्यांनी कपाळावर हात मारला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, नशीब माझं."

त्यांच्या कार्यक्रमाची वेळ पाचची होती, म्हणून सगळे पालक मुलांना घेऊन पाचला आले. थोरवडे साडेसहाला आले. मुलांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, म्हणजे फोटोत दिसतील. समोर प्रखर दिवे, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. पाहुण्यांच्या स्वागताला हलगी आणि तुतारी. हलगी सुरू झाली तशी वाळव्याचा मुलगा बापाच्या शर्टात तोंड खुपसून हुंकारायला लागला. रेवा खुर्चीखाली गेली आणि तिनं कान दाबून धरले. चष्मा तसाच होता, तेवढं मी बघितलं. वैजयंती तिच्या शेजारी जमिनीवर बसली, नव्या साडीत.

ह्यांना व्यासपीठावर बसवलं होतं, पांढरा सदरा घालून. डॉक्टरांकडे जायची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

थोरवडे संयमावर बोलायला लागले. आजच्या पिढीत संयम राहिला नाही म्हणाले. आपल्या लहानपणी किती होता ते सांगितलं. मध्येच माईक खरखरला, शिट्टी वाजली, आणि रांगेतला हुंकार वाढत वाढत किंकाळीपर्यंत गेला.

थोरवडे थांबले. हसून म्हणाले, "पालकांना विनंती आहे, आपापली मुलं जरा आवरावीत. थोडा वेळ संयम ठेवायला काय हरकत आहे? नाहीतर बाहेर न्यावं. आपल्या विभूतेसाहेबांचा आदर्श घ्या!"

आणि विभूतेसाहेब उठले.

मला पहिल्या रांगेतून त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. मी उठून दोन्ही हात हलवले. नको, नको, घसा! पण त्या दिवशी मला सारवासारव करायला वेळच मिळाला नाही.

"अहो थोरवडे!" हे गरजले. माईकशिवाय. "तो भोंगा बंद करा आधी! पोरं कान दाबून खुर्चीखाली शिरलीत, दिसत नाही तुम्हाला? ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांनाच बाहेर काढता? दिसत नसेल तर उद्या दुकानात या, नंबर काढतो!"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि संपला. तोंड हलत राहिलं, पण आवाज येईना.

माईकवाल्यानं घाबरून सगळंच बंद केलं. हॉलमध्ये अशी शांतता झाली की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. एका पालकानं टाळी वाजवायला हात उचलले, तर शेजारच्या बाईनं त्याचे हात धरले. वाळव्याचा मुलगा बापाच्या शर्टातून बाहेर आला. रेवा खुर्चीखालीच होती, पण तिनं कानांवरचे हात काढले होते आणि ती जमिनीवर पडलेल्या हाराच्या पाकळ्या उचलून डोळ्यांसमोर धरून बघत होती.

पुरस्कार दिला नाही. थोरवडे म्हणाले, तांत्रिक कारण. पुढच्या वर्षी तोच गुरुजींना दिला, नाव खोडून.

आम्ही चालत घरी निघालो. जन्मभराचा आवाज घालवून बसले असतील ह्या भीतीनं मी दर चार पावलांवर ह्यांच्याकडे वळून बघत होते. चावडी चौक ओलांडल्यावर हे थांबले आणि घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाले, "ऐकू येत होतं मला."

"काय?"

"तू जे जे सांगत होतीस ते."

मी रस्त्यातच उभी राहिले. खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी लोकांना हसत होते, ते ह्यांना बहिरं समजतात म्हणून. आणि मी ह्यांच्यासमोर उभी राहून, ह्यांच्याच नावानं...

"बोलू नका तुम्ही," मी म्हणाले. मग राहवेना. "मग मान का नाही हलवलीत? मानेला काही डॉक्टरांची बंदी नव्हती."

"हलवणार होतो. पहिल्याच दिवशी." हे थांबून थांबून बोलत होते. "पण तू 'घाई नाही' म्हणालीस आणि त्या बाईनं पोरीचा हात सोडला. मनगटावर बोटांचे वळ होते. चारी बोटांचे. आईच धरून धरून..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. घशामुळे की कशामुळे, ते मी विचारलं नाही.

वळ मी बघितलेच नव्हते. मी त्या वेळी चहातली फ्रेम पुसत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घशात बघितलं आणि हातातलं उपकरण खाली ठेवून विचारलं, "गिऱ्हाईक?"

"अध्यक्ष," मी म्हणाले.

स्वरयंत्रात रक्त साकळलं होतं. नशीब म्हणजे आवाज गेला नव्हता, पण आणखी एक महिना मौन. डॉक्टर हात जोडून म्हणाले, "ह्या वेळी खरंच."

पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. काही म्हणाले, आमची फसवणूक झाली, हा माणूस तापट आहे, हिमालयात गेलेलाच नाही. ते यायचे बंद झाले आणि 'डॉक्टर' ही पदवीही त्यांच्याबरोबर गेली. बाकीचे येत राहिले. वैजयंती रेवाला घेऊन आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "बाई, ह्यांचा स्वभाव कळला ना आता?"

"कळला," ती म्हणाली. "आजवर माझ्या पोरीवर पुष्कळ जण ओरडले. तिच्यासाठी ओरडणारं कोणी बघितलं नव्हतं." आणि पट्टा सैल झालाय म्हणून तिनं चष्मा पुढे केला. शाळेनं रेवाला ठेवून घेतलं होतं. लक्ष देते असं प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. कशाकडे ते लिहिलं नव्हतं.

त्या दुसऱ्या मौनातली एक दुपार मला अजून आठवते. पाटणच्या बाजूचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलगा पायरीवरच बसला, आत येईना. बाप विनवण्या करून थकला. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याच्यावरून उडी मारून आत यावं लागत होतं. बाप ओशाळून म्हणाला, "साहेब, फार त्रास देतोय आम्ही. परत कधीतरी येतो."

ह्यांनी कामावरून मान वर केली आणि हात हलवायला लागले. मुलाकडे बोट, मग बापाकडे, मग दोन्ही हातांनी काहीतरी खाली ठेवल्यासारखं केलं.

"काय म्हणतायत साहेब?"

माझं वाक्य नेहमीसारखं तयार होतं. तोंडही उघडलं होतं. पण ह्यांनी टेबलावर बोटं आपटून मला थांबवलं, आणि तेच हातवारे पुन्हा केले, सावकाश, मला नीट कळावेत म्हणून. मग स्टूल उचललं, बॅटरी खिशात घातली आणि बाहेर पायरीवर त्या मुलापासून थोडं लांब जाऊन बसले.

"अहो, काय म्हणाले?" बापानं पुन्हा विचारलं.

"म्हणाले, पोरगं आत येत नसेल तर मी बाहेर बसतो," मी सांगितलं. "आणि तुम्ही चहा घेणार का, असं विचारतायत."

तो माणूस माझ्याकडे संशयानं बघायला लागला. ग्रुपवरचं त्यानंही वाचलं असणार.

"शपथेवर सांगते," मी म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.